पाटी नको, कुलूप हवे

‘सन’ या शब्दाने सुरू होणारी पॅकेजेस थेट वापरू नका, असे सन मायक्रोसिस्टिम्सने जावाच्या प्रोग्रामरांना 1990च्या दशकातच लेखी बजावले होते. ती जावाच्या अंतर्गत वापराची होती आणि पुढच्या आवृत्तीत ती असतीलच याची हमी नव्हती. सूचनेत काहीही संदिग्ध नव्हते. तरीही ‘सन.मिस्क.अनसेफ’ हा वर्ग नेटी, कॅसँड्रा, हडूप अशा नावाजलेल्या प्रकल्पांत राजरोस वापरला गेला. त्याने वेग मिळत होता आणि अडवणारे कोणी नव्हते.

अडवण्याची सोय भाषेतच नव्हती. जावात एखादा वर्ग ‘पब्लिक’ केला की तो सगळ्या जगाला खुला होई. ‘आमच्याच पॅकेजेसपुरता पब्लिक’ असे म्हणता येत नसे. सप्टेंबर 2017 मध्ये जावा 9 मॉड्यूल व्यवस्था घेऊन आली, तेव्हा कोणते पॅकेज बाहेर द्यायचे हे पहिल्यांदाच कंपायलरला आणि व्हर्च्युअल मशीनला कळू लागले. पण तोवर इतक्या लोकांचा कोड आतल्या भागांवर उभा होता, की दार एकदम लावणे शक्य नव्हते. रिफ्लेक्शनने आत शिरणाऱ्यांना आधी नुसता इशारा मिळे. मार्च 2021 मध्ये जावा 16 ने, वेगळी सवलत मागितली नसेल तर, हा प्रवेश नाकारला आणि त्याच वर्षी सप्टेंबरात जावा 17 ने सरसकट सवलतीचा पर्यायही काढून टाकला. ‘अनसेफ’साठी मात्र ‘जेडीके.अनसपोर्टेड’ नावाचे वेगळे मॉड्यूल करावे लागले. आपला कोड मोडेल या धास्तीने अनेक कंपन्या वर्षानुवर्षे जावा 8 वर थांबल्या. जी सीमा पहिल्या दिवशी फुकटात राखता आली असती, तिची किंमत दोन दशकांनी साऱ्या जगाने भरली.

हेच लहान प्रमाणावर हिंजवडीपासून बंगळुरूपर्यंत रोज घडते. प्रकल्प सुरू होताना फळ्यावर तीन थर काढले जातात: वर कंट्रोलर, मध्ये सर्व्हिस, खाली रिपॉझिटरी. वरच्याने खालच्याला हाक मारायची, तीही मधला थर न ओलांडता. मग रिलीज तोंडावर येते. कोणीतरी कंट्रोलरमधूनच रिपॉझिटरी गाठतो. रिव्ह्यू करणारा लॉजिक बघतो, टेस्ट बघतो; फाइलीच्या माथ्यावरची एक इम्पोर्टची ओळ त्याच्या नजरेतून सुटते. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. शेकडो ओळी वाचणाऱ्या माणसाकडून हे काम करवून घेणेच चूक आहे, कारण ते यंत्राचे काम आहे.

आणि यंत्रे तयार आहेत. जावासाठी आर्चयुनिट आहे. त्यात थरांचा नियम साध्या युनिट टेस्टसारखा लिहितात. ते कंपाइल झालेला बाइटकोड वाचून कोण कोणाला हाक मारतो ते तपासते आणि नियम मोडला की टेस्ट फेल होते. पायथॉनसाठी इम्पोर्ट-लिंटर, जावास्क्रिप्टसाठी डिपेंडन्सी-क्रूझर, पीएचपीसाठी डेपट्रॅक. गो भाषेने तर ‘इंटर्नल’ नावाच्या फोल्डरमधला कोड बाहेरच्यांना इम्पोर्टच करू दिला नाही. तिथे वेगळे साधनही लागत नाही. आर्चयुनिटची एक छोटी सोय विशेष मोलाची आहे: नियमाला ‘बिकॉज’ जोडून त्याचे कारण लिहिता येते. बिल्ड फेल झाला की नव्या मुलीला किंवा मुलाला नियमासोबत तो का केला हेही तिथल्या तिथे वाचायला मिळते. कारण न लिहिलेला नियम टिकत नाही. चिडलेला प्रोग्रामर तो पहिल्या संधीला बंद करतो.

जुन्या कोडचे काय, हा प्रश्न प्रत्येक टीम विचारते, आणि तो रास्त आहे. पहिल्याच दिवशी बिल्डमध्ये हजारभर चुका दिसल्या तर मॅनेजर साधनच काढायला लावेल. म्हणून आर्चयुनिटमध्ये नियम ‘फ्रीज’ करता येतो: आजची उल्लंघने एका नोंदीत जातात, ती माफ, नवे एकही चालणार नाही, आणि जुने दुरुस्त झाले की नोंदीतून आपोआप निघते.

पण अशी नोंद उल्लंघनांचे गोदामही होऊ शकते, हे शॉपिफायने अनुभवले. या कॅनेडियन कंपनीचा मुख्य रूबी अॅप्लिकेशन 28 लाख ओळींच्या पुढे गेला होता. रूबी ऑन रेल्समध्ये कोणताही वर्ग कुठूनही उचलता येतो, म्हणून त्यांनी पॅकवर्क हे साधन बनवले आणि 2020 मध्ये सर्वांसाठी खुले केले. जुनी उल्लंघने त्यातही फाइलीत नोंदली जात. पुढे 2024 मध्ये कंपनीच्या अभियंत्यांनी या प्रयोगाचा परखड आढावा लिहिला. पॅकेजचा खासगी भाग जपणारी तपासणी तर त्यांनी तिसऱ्या आवृत्तीत मूळ साधनातून काढूनच टाकली होती. यातला धडा असा: सीमा चुकीच्या जागी आखली असेल, तर साधन ती चुकीची सीमाच इमानाने राखते. सीमा कुठे असावी हे टीमनेच बसून ठरवायचे असते आणि ती हलवायची वेळ आली की नियमही बदलायचा असतो.

आणखी एक आंधळी जागा आहे. ऑर्डर आणि बिलिंग ही दोन मॉड्यूल्स एकमेकांना इम्पोर्ट करत नसतील, पण दोन्ही डेटाबेसमधल्या एकाच टेबलात लिहीत असतील, तर इम्पोर्ट तपासणारे प्रत्येक साधन हिरवा दिवा देईल. ते गुंतणे शोधायला टेबलांची मालकी ठरवावी लागते आणि डेटाबेसचे परवानेही तसे वेगळे द्यावे लागतात.

तरीही सुरुवात इम्पोर्टपासूनच करावी. ज्या टीमच्या विकीवर थरांची आकृती आहे आणि बिल्डमध्ये तिचा एकही नियम नाही, त्या टीमने या आठवड्यात एकच नियम घालावा: कंट्रोलरने रिपॉझिटरीला थेट हात लावायचा नाही. जुने फ्रीज करावे, कारण लिहावे आणि तो नियम मोडणारा बदल मर्ज होऊ देऊ नये. दुसरा नियम पहिला महिनाभर टिकल्यावर.