वयात येणे आणि मराठी समीक्षेचे सोवळे

मराठी भाषेला वयात येण्याचा संकोच नाही. मुलीला न्हाण येते, पदर येतो, ती 'शहाणी होते'; मुलाला मिसरूड फुटते. 'शहाणी होणे' या प्रयोगात तर शरीर आणि समज एकत्रच नांदतात. त्यांची फारकत केली ती आपल्या बालवाङ्मयाने, आणि त्या फारकतीला प्रतिष्ठा दिली ती समीक्षेने.

'श्यामची आई' (१९३५) हे या बाबतीतले प्रभावी प्रतिमान. खाऊचे पैसे साठवून श्याम धाकट्या भावासाठी कोट शिवतो. आई गौरव करते तो त्याच्या मनाच्या मोठेपणाचा. या प्रसंगाचे नैतिक सौंदर्य नाकारण्याचे कारण नाही. परंतु मोठे होणे म्हणजे केवळ त्याग, असे समीकरण एकदा रूढ झाले की आवाज फुटलेल्या मुलाला स्वतःच्या बदलाची केवळ लाज उरते. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे एकामागून एक साहसे करतो. त्याचे वय मात्र जागचे हलत नाही. शांता शेळके यांच्या 'चौघीजणी'तील बहिणी मोठ्या होतात, पण लग्न, वियोग आणि कर्तव्य यांच्या द्वारे. शरीर तेथे मुख्यतः आजारपणाच्या रूपाने येते. संस्कार, साहस आणि संसार असे हे तीन मार्ग. तिन्ही वयात येण्याला वळसा घालून जातात.

यावर ठरलेला आक्षेप असा की, शरीराचे ज्ञान देणे हे शास्त्राचे काम, वाङ्मयाचे नव्हे. र. धों. कर्वे यांनी 'समाजस्वास्थ्य'मधून (१९२७–१९५३) ते काम केले आणि त्यापायी अश्लीलतेचे खटलेही सोसले. पण माहिती 'मला काय होते आहे?' एवढ्याच प्रश्नाला पुरते. 'मी आता कोण?' या प्रश्नाला शास्त्राकडे उत्तर नाही. तेथे कथनच लागते. आक्षेपकांना नेमके हेच दिसत नाही.

असे कथन मराठीत नाही असेही नाही. प्रकाश नारायण संतांचा लंपन ('वनवास', १९९४) आणि मिलिंद बोकील यांची 'शाळा' (२००४) याच उंबरठ्यावर उभे आहेत. मात्र या संहितांचा गृहीत वाचक प्रौढ आहे, आणि समीक्षाही त्यांच्याकडे प्रौढ वाङ्मय म्हणूनच पाहते. म्हणजे कुमारवयाच्या अनुभवाला भाषा मिळते ती तो अनुभव आठवण झाल्यानंतर! ज्याचा तो अनुभव आहे, त्याच्या हाती उपदेश किंवा रहस्यकथा.

बाल, कुमार, प्रौढ हे कप्पे प्रकाशनव्यवहाराच्या सोयीचे आहेत. समीक्षेने त्यांना वाङ्मयप्रकारांचा दर्जा देणे ही बौद्धिक आळशीपणाची खूण आहे. वयात येणे म्हणजे हे कप्पे ओलांडणे. म्हणून प्रत्येक बालसंहितेला विचारले पाहिजे: ती कोणाला मोठे होऊ देते, कशाच्या मोबदल्यात, आणि मुलीकडून मुलापेक्षा अधिक किंमत वसूल करते काय? हे प्रश्न न विचारता केलेली बालवाङ्मयाची समीक्षा म्हणजे पालकांसाठी काढलेली शिफारसपत्रेच होत.