मांडणाराच मंजूर करणारा

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांचं बजेट कार्यालय रसेल वॉट नावाचा कट्टर उजव्या विचाराचा माणूस चालवतो. संसदेने पैसा मंजूर केला म्हणजे राष्ट्राध्यक्षाने तो खर्च केलाच पाहिजे असं नाही, ही त्याची भूमिका. ऑगस्ट २०२५ मध्ये परदेशी मदतीचे मंजूर झालेले सुमारे ४९० कोटी डॉलर आर्थिक वर्ष संपता संपता असेच अडवले गेले. त्यावर तिकडे गदारोळ झाला. ते वाचताना मला आपलं नांदेड आठवलं, आणि लातूरही.

लातूर महापालिकेची मुदत मे २०२२ मध्ये संपली, नांदेड-वाघाळ्याची त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर. मुदत संपण्याआधी निवडणूक झाली पाहिजे, असं राज्यघटना सांगते. मतदान झालं १५ जानेवारी २०२६ ला. मधे दोन्ही शहरांची तीन-तीन बजेटं सभागृहाविना गेली.

१९४९ च्या कायद्यात रीत साधी आहे. आयुक्त अंदाजपत्रक मांडतो, स्थायी समिती त्यात दुरुस्त्या करते, सर्वसाधारण सभा मंजुरी देते. प्रशासकाच्या काळात मात्र मांडणारा आणि मंजूर करणारा एकच. वॉटला निदान संसदेशी भांडावं लागतं. इथे भांडायला समोर कोणी नव्हतंच.

"नगरसेवक म्हणजे टक्केवारी, त्यापेक्षा साहेब बरे," असं आपलेच मित्र म्हणतात. टक्केवारीचं मी नाकारत नाही. पण देगलूर नाक्याला नाली तुंबली तर रात्री दहाला दार वाजवायचं कोणाचं? साहेबांची बदली होते. नगरसेवकाला पाच वर्षांनी त्याच गल्लीत मतं मागायची असतात.

दोष एकाच पक्षावर ढकलून मोकळं होता येणार नाही. ओबीसी आरक्षणाचा तिढा खरा होता. पण मार्च २०२२ मध्ये प्रभागरचनेचे अधिकार निवडणूक आयोगाकडून सरकारकडे घेणारा कायदा झाला, तो महाविकास आघाडीच्या काळात. आपल्यातल्या अनेकांनी ज्यांना जवळचं मानलं, तेच हे सरकार. त्याच वर्षी शिंदे सरकारने सदस्यसंख्या पुन्हा बदलली. शेवटी ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्यायला सांगितलं. तरी आठ महिने लागले.

आणि आपण? वक्फ कायद्यावर रस्त्यावर उतरलो, ते योग्यच होतं. पण आपल्या शहराचं सभागृह तीन वर्षांहून जास्त काळ रिकामं होतं, त्यावर मी एक ओळही लिहिली नाही. त्या तीन बजेटांपैकी एकही तेव्हा उघडून पाहिलं नव्हतं.

आता सभागृह भरलंय. नव्या नगरसेवकाला हार घालून झाला असेल, तर त्याच्याकडून बजेटचं पुस्तक मागून घ्या. नाही दिलं तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. २००५ च्या त्या कायद्याच्या कलम ४ प्रमाणे बजेट तर न मागताच जाहीर करायचं असतं. पुस्तकात एकूण कोटींचा आकडा बघू नका, तो फोटोसाठी असतो. तुमच्या प्रभागातला रस्ता, उर्दू शाळेची खोली, कब्रस्तानची भिंत यांची ओळ शोधा आणि तिच्यापुढचे रकाने वाचा: गेल्या वर्षी तरतूद किती, सुधारित किती, प्रत्यक्ष खर्च किती. तरतूद आहे आणि खर्च शून्य आहे, अशी ओळ सापडली की तिचा फोटो काढून ठेवा. पुढच्या सभेआधी तो नगरसेवकाच्या हातात द्या आणि सभेत काय विचारलं, ते दुसऱ्या दिवशी जाऊन विचारा.