बंदा रुपया आणि नऊ आण्यांची चांदी

१/७
राणीछाप रुपयाचे चित्र दिसले की एक उद्गार हमखास निघतो : ‘तो खरा पैसा, त्याचे मोल त्याच्या चांदीतच होते; आजचा कागद म्हणजे नुसते वचन.’ हा समज राणीच्या हयातीतच खोटा ठरला होता.

२/७
१८३५ च्या कायद्याने कंपनीच्या मुलखात एकच रुपया आला. वजन १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा. त्यात बारापैकी अकरा भाग चांदी, सुमारे १०.७ ग्रॅम. मुंबई वा कलकत्त्याच्या टांकसाळीत कोणीही चांदी न्यावी, अल्प आकार भरावा आणि रुपये पाडून घ्यावेत. म्हणून रुपया आणि चांदी यांचे मोल जवळजवळ एकच राही.

३/७
१८७० नंतर चांदी जगभर घसरली, तिच्यासवे रुपयाही. लंडनला सोन्यात धाडावयाचे ‘होम चार्जेस’ सरकारला जड झाले. जून १८९३ मध्ये टांकसाळीची दारे खाजगी चांदीला बंद झाली. रुपयाचा दर पुढे १६ पेनींवर स्थिरावला.

४/७
१६ पेनी म्हणजे आण्याला एक पेनी. १९०२ मध्ये लंडनच्या भावाने रुपयातील चांदी जेमतेम ९ पेनींची होती. सोळा आण्यांच्या नाण्यात नऊ आण्यांची चांदी. उरलेले सात आणे सरकारचे वचन. ही चांदीवर छापलेली नोटच होती!

५/७
तोटा कोणाचा? शेतकऱ्याची पुंजी गोठ, वाळे, तोडे यांत. सारा मात्र रुपयांत. तोळाभर चांदीला पूर्वी रुपयाच्या आसपास मोल होते, ते आता उरले नाही. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत दागिने मोडणाऱ्यांना ही तूट सोसावी लागली.

६/७
नफा कोणाचा? १९०० पासून नाणी पाडण्याचा नफा ‘गोल्ड स्टँडर्ड रिझर्व्ह’मध्ये जमा होऊ लागला, तो मुख्यतः लंडनला, ब्रिटिश रोख्यांत गुंतवला जाई. डॉ. आंबेडकरांनी १९२३ च्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’मध्ये या साऱ्या चलनव्यवस्थेवरच कठोर टीका केली.

७/७
१९४० मध्ये रुपयातील चांदी निम्म्यावर आली. १९४७ मध्ये ती संपली, निकेल आले. प्रत्येक वेळी नाण्यावरचा शब्द तोच राहिला : एक रुपया. आज सराफ जुन्या नाण्याची चांदी तोलतो, ते योग्यच. पण त्या तोलावरून त्या काळाचा प्रामाणिकपणा ठरत नाही. वचन तेव्हाही होतेच. मात्र ते देणारे सरकार, ज्यांच्या हाती तो रुपया होता त्यांना जाब देण्यास बांधलेले नव्हते.