पोराचा गुन्हा, दंड मात्र आईला

मैत्रिणींनो, 'बालगुन्हेगारी हा काही बायकांचा प्रश्न नव्हे' असं आपल्या बैठकांतून अजूनही ऐकू येतं. वाळूजच्या वस्त्यांत काम करताना मला हे पटत नाही. रांजणगाव, जोगेश्वरी, पंढरपूर इथल्या भाड्याच्या खोलीतला पोरगा मोबाईल चोरताना सापडला, की ठाण्याच्या बाकावर जाऊन बसते ती त्याची आई. कंत्राटी कामाचा खाडा तिचा, 'वळण लावलं नाही' हा ठपका तिच्यावर, आणि घरी गेल्यावर नवऱ्याचा मारही तिलाच. ज्याचा मोबाईल गेला, त्याला मात्र कुणीच काही विचारत नाही.

कायदा तसा वाईट नाही. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमानुसार १८ वर्षांखालच्या मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. बाल न्याय मंडळात दंडाधिकाऱ्याबरोबर दोन समाजसेवक बसतात, त्यांत किमान एक बाई असावीच लागते. ज्याला जास्तीत जास्त ३ वर्षांची शिक्षा आहे अशा किरकोळ गुन्ह्याची चौकशी ४ महिन्यांत संपायला हवी, मुदतवाढ फक्त २ महिन्यांची. समज, गटसमुपदेशन, समाजसेवा असे आदेश मंडळ देऊ शकतं. प्रश्न असा, की ही समाजसेवा कुणी ठरवायची आणि त्यातून त्या पोराला काय कळायचं?

मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला भरधाव मोटारीनं दोघांचा जीव घेतला. १७ वर्षांच्या मुलाला काही तासांत जामीन मिळाला, आणि अटींमध्ये एक अट होती ३०० शब्दांच्या निबंधाची! लोक संतापले ते योग्यच. पण त्या संतापातून 'पोरांना मोठ्यांसारखं तुरुंगात टाका' अशी जी हाकाटी उठते, तिचा फटका मोटारवाल्यांना बसत नाही. तो बसतो आपल्या वस्तीतल्या पोरांना.

तिसरी वाट आहे. अमेरिकेत टेक्सासमधल्या ओडेसा शहरात १९८३ मध्ये किशोरांचं न्यायालय सुरू झालं, आज तिथं अशी शेकडो आहेत. गुन्हा पहिलाच आणि किरकोळ, मुलानं तो कबूल केलेला. पंच आणि वकील त्याच्याच वयाची मुलं-मुली. भरपाई, माफी, समाजसेवा काय ते त्या ठरवतात. पुढे त्या मुलालाही दुसऱ्याच्या वेळी पंच म्हणून बसावं लागतं. साहेबापुढे मान खाली घालून सुटता येतं. पण रोज बारा तास उभी राहून काम करणारी एखादी मुलगी समोर बसून विचारते, 'त्या मोबाईलचे हप्ते कोण फेडतंय, माहीत आहे का?' तेव्हा सुटता येत नाही.

'म्हणजे पुन्हा पंचायतच की!' असं आपल्यातल्याच काहीजणी म्हणतील. ही भीती खोटी नाही. जातपंचायतींनी बायकांचं काय केलं हे आपण जाणतो. म्हणूनच महाराष्ट्राला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. पण जातपंचायत जन्मावर उभी असते आणि कायद्याला बाजूला सारते. मी मागते आहे तो गट मंडळाच्या देखरेखीखाली बसेल, शिफारस करेल, शेवटचा शब्द मंडळाचाच राहील.

आणि त्याला आपल्या अटी हव्यात. निम्म्या पंच मुली हव्यात, नुसत्या शोभेला नव्हे. छेडछाड, पाठलाग, मारहाण, जातीवरून केलेला छळ यांतलं एकही प्रकरण तिथं जाता कामा नये. मुलीवरच्या अन्यायाची 'आपसांत' तडजोड किती काळ सोसायची? मुलाचं नाव, फोटो बाहेर फुटता कामा नये, कायदाही तेच सांगतो. आणि रोख दंड नको, कारण तो आईच्याच पगारातून जातो. पोरानं केलं ते पोरानंच निस्तरावं.

आपल्या गटांनी बाल न्याय मंडळाकडे ही मागणी घेऊन जावं, आणि वस्तीतल्या मुलींना पंच म्हणून तयार करायला आजच सुरुवात करावी. नाहीतर पोरांचा न्याय पोलीस, पुढारी आणि नाक्यावरचे दादाच करत राहतील, आणि त्याची किंमत आपणच मोजत राहू.