हे प्रशिक्षण कोणाच्या खर्चाने?

माझा एक जुना विद्यार्थी मध्यंतरी भेटावयास आला होता. वय पंचेचाळिशीकडे झुकलेले. पदवीला अर्थशास्त्र घेतलेला हा मुलगा पुढे संगणकाकडे वळला आणि गेली अठरा वर्षे नवी मुंबईतील डेटा सेंटरांमध्ये नेटवर्कचे काम करीत आहे. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात जुन्या कारखान्यांच्या शेजारी ज्या बिनखिडक्यांच्या अवाढव्य इमारती उभ्या राहिल्या आहेत, त्यांपैकी एकीत. त्याला कंपनीने बजावले होते की, सहा महिन्यांत ‘सॉफ्टवेअर-डिफाइन्ड’ नेटवर्किंगचे प्रमाणपत्र आणा. नाही तर पुढच्या प्रकल्पात जागा मिळेलच असे नाही. क्लासची व परीक्षेची फी त्याने भरावयाची, अभ्यास शनिवार-रविवारी करावयाचा आणि परीक्षेच्या दिवसाची रजा त्याच्याच खात्यातून कापली जाणार. “सर, हा माझा तिसरा कोर्स. आधीच्या दोन्ही प्रमाणपत्रांची मुदत संपली,” असे तो म्हणाला, तेव्हा त्याच्या आवाजात तक्रारही नव्हती. ही रीतच आहे, अशी त्याची समजूत झालेली होती. ही समजूत तपासून पाहिली पाहिजे, एवढ्यासाठी हा लेख.

विषय तांत्रिक आहे म्हणून कार्यकर्त्यांनी पान उलटू नये. डेटा सेंटरमध्ये हजारो सर्व्हर असतात व त्यांना जोडणारे शेकडो स्विच. प्रत्येक स्विच दोन कामे करतो. आलेली माहिती कोणत्या वाटेने पाठवावयाची हे ठरविणे हे एक, आणि ती प्रत्यक्ष पुढे ढकलणे हे दुसरे. पूर्वी ही दोन्ही कामे त्याच पेटीत होत, आणि नेटवर्क इंजिनिअर एकेका स्विचमध्ये शिरून आज्ञा टाईप करीत असे. नव्या पद्धतीत ठरविण्याचे काम पेटीतून काढून ‘कंट्रोलर’ नावाच्या मध्यवर्ती सॉफ्टवेअरकडे दिले जाते. स्विचने केवळ हुकूम पाळावयाचा. त्यामुळे नव्या ग्राहकासाठी जाळे उभारण्यास जेथे आठवडे लागत, तेथे आता मिनिटे पुरतात. जुन्या व्हीलॅन पद्धतीत एका जाळ्याचे फार तर ४०९४ स्वतंत्र विभाग पडत. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्हीएक्सलॅन या पद्धतीत ते सुमारे १ कोटी ६७ लाखांपर्यंत पाडता येतात. एकाच इमारतीत शेकडो कंपन्यांचा कारभार परस्परांपासून अलग ठेवावयाचा असेल, तर याची गरज उघड आहे.

फ्रेडरिक टेलर याने १९११ मध्ये कारखान्याच्या व्यवस्थापनाचे जे ‘शास्त्र’ मांडले, त्याचे सार हेच होते की, विचार करण्याचे काम कामगाराच्या हातून काढून नियोजन-कचेरीत न्यावे. हॅरी ब्रेव्हरमन याने १९७४ मध्ये त्याची मार्क्सवादी चिकित्सा केली. डेटा सेंटरातील ही विभागणी पाहताना मला त्या दोघांचीही आठवण झाली. उपमा मी थोडी ताणतो आहे हे कबूल. स्विचला पोट नसते. परंतु जे ज्ञान पूर्वी दहा इंजिनिअरांच्या बोटांत होते, ते आता एका सॉफ्टवेअरमध्ये गोठविले जात आहे आणि त्या दहांपैकी जे दोघे-तिघे उरतील, त्यांनी ते सॉफ्टवेअर चालविण्याची विद्या स्वतःच्या पैशाने विकत घ्यावी, अशी अपेक्षा आहे. यंत्राला माझा विरोध नाही. रात्री दोन वाजता उठून दोनशे स्विचांमध्ये तीच ती आज्ञा टाईप करण्यात श्रमाची कोणतीही प्रतिष्ठा नाही. वाचलेल्या श्रमाचे मोल कोणाच्या पदरात पडते, एवढाच प्रश्न आहे.

या तंत्राचा जन्म बाजारात झालेला नाही, हे विक्रेते सोयीस्करपणे विसरतात. स्टॅनफर्ड विद्यापीठात मार्टिन कसाडो या संशोधक विद्यार्थ्याने निक मॅकिओन व स्कॉट शेंकर यांच्यासमवेत २००७ च्या सुमारास हे काम केले. २००८ मध्ये ‘ओपनफ्लो’चा निबंध प्रसिद्ध झाला. पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानच्या, म्हणजे करदात्यांच्या, पैशावर अनेक विद्यापीठांत त्याच्या चाचण्या झाल्या. याच मंडळींनी काढलेली निसिरा ही लहानशी कंपनी २०१२ मध्ये व्हीएमवेअरने १२६ कोटी डॉलरांना घेतली आणि तिच्यातून एनएसएक्स हे विक्रीचे सॉफ्टवेअर तयार केले. सिस्कोने २०१३ मध्ये आपल्या स्विचांसह एसीआय बाजारात आणले. जे ज्ञान खुले होते, त्याला आता दोन-तीन कुंपणे पडली. आणि कुंपणाच्या आत शिरावयाचे तर ज्याच्या त्याच्या दारावरची परीक्षा द्यावी लागते.

येथे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला गॅरी बेकर आठवणे अपरिहार्य आहे. बेकर हे आपल्या छावणीतले नव्हेत, शिकागोचे. १९६४ च्या ‘ह्यूमन कॅपिटल’ या ग्रंथात त्यांनी प्रशिक्षणाचे दोन प्रकार केले. कोठेही उपयोगी पडणारे सर्वसाधारण कौशल्य असेल, तर त्याचा खर्च कामगाराने सोसावा, कारण लाभ त्याच्याबरोबर जातो; एकाच मालकाकडे उपयोगी पडणारे असेल, तर मालकाने त्यात वाटा उचलावा. भांडवलशाहीच्या या पाठ्यपुस्तकी कसोटीवरदेखील आजचा व्यवहार उतरत नाही. एनएसएक्सचे कौशल्य पुरते सर्वसाधारण नाही आणि एका मालकापुरतेही नाही. ते विक्रेत्याच्या मालाला बांधलेले आहे. जितके अधिक इंजिनिअर ते शिकतील, तितकी तो माल घेणे ग्राहकाला सोयीचे आणि सोडणे अवघड. म्हणजे शिकणारा प्रत्येक जण विक्रेत्याची बाजारपेठ पक्की करीत असतो आणि त्याबद्दल वेतन घेण्याऐवजी फी भरीत असतो! सिस्कोच्या डेटा सेंटर विषयाच्या मुख्य परीक्षेची फी ४०० डॉलर आहे. रुपयांत ती तीस हजारांच्या वर जाते. क्लासचा खर्च निराळा. नापास झाल्यास पुन्हा फी. प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षे. व्हीएमवेअरच्या मुख्य प्रमाणपत्रासाठी तर कंपनीच्या मान्यताप्राप्त वर्गात हजेरी लावण्याची सक्ती अनेक वर्षे होती. ती २०२४ मध्ये उठविण्यात आली.

आणि एवढे करून पायाखालची जमीन स्थिर राहते काय? मे २०२२ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर खरेदी करण्याचा सुमारे ६१०० कोटी डॉलरांचा सौदा जाहीर केला. नोव्हेंबर २०२३ मध्ये तो पुरा झाला. पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी लायसन्स विकणे बंद झाले, वर्गणी सुरू झाली आणि सुट्या वस्तूंचे मोजके गठ्ठे बांधले गेले. युरोपातील क्लाउड-सेवा देणाऱ्यांच्या संघटनेने युरोपीय आयोगाकडे दाद मागितली. मोठे ग्राहक निदान तक्रार तरी करू शकतात, दुसरा विक्रेता शोधू शकतात. पण ग्राहकाने एनएसएक्स सोडले, तर ज्या इंजिनिअरने पदरचे पैसे घालून ते आत्मसात केले, त्याची भरपाई कोण करणार? माझ्या विद्यार्थ्याचे बुडालेले भांडवल कोणत्याच ताळेबंदात दिसत नाही.

शिकावयास वेळ मिळतो, असे सांगितले जाते. वेळेचा हिशेब कसा ठेवला जातो ते पाहा. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने जून २०२५ मध्ये नियम केला की, कर्मचाऱ्याने वर्षातून किमान २२५ दिवस ग्राहकाच्या बिलावर असले पाहिजे आणि ‘बेंच’वरचे दिवस ३५ च्या वर जाता कामा नयेत. त्याच्या पुढच्या महिन्यात या कंपनीने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. ज्या दिवसाचे बिल निघत नाही तो दिवस दोषास्पद ठरतो, तेथे शिक्षण हे कर्मचाऱ्याच्या झोपेतून आणि सुट्टीतूनच काढावे लागणार.

कायदा काय म्हणतो? नोव्हेंबर २०२५ मध्ये अंमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेत पुनर्कौशल्य निधीची तरतूद आहे. तिची रचना पाहून हसावे की रडावे कळत नाही. कामगाराला कामावरून कमी केल्यानंतर मालकाने त्याच्या पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम निधीत भरावयाची आणि ती त्या कामगाराच्या खात्यात जमा व्हावयाची! म्हणजे नोकरी टिकविण्यासाठी जे शिकावयाचे, त्याचे पैसे नोकरी गेल्यावर मिळणार. तेही पंधरा दिवसांचे. त्यातून हा इंजिनिअर कायद्याच्या व्याख्येत ‘कामगार’ बसतो की नाही, हा वाद आहेच.

आपल्यापैकी काही जुने सहकारी म्हणतील की, हा वातानुकूलित खोलीतला मध्यमवर्ग. याच्यासाठी आपण का झटावे? हा युक्तिवाद मी चाळीस वर्षांपूर्वी बँक कर्मचाऱ्यांबाबतही ऐकला आहे. त्या कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी १९८३ मध्ये इंडियन बँक्स असोसिएशनशी यंत्रीकरणाबाबत करार केला. यंत्रे कोठे व किती बसवावयाची, यावर वाटाघाटी झाल्या. यंत्र चालविणाऱ्याला विशेष भत्ता मिळाला. त्या करारावर आपल्यातूनच डावीकडून टीका झाली, ती सर्वस्वी अनाठायी होती असे मी म्हणणार नाही. परंतु नवे यंत्र शिकणाऱ्याला त्या वेळी भत्ता मिळत होता आणि आज तोच फी भरतो आहे, एवढा फरक तरी आपण नोंदवून ठेवावा. तो फरक तंत्रज्ञानाने पडलेला नाही. बँकेतल्या कारकुनाच्या पाठीशी संघटना होती.

इतर देशांनी याचे काही उपाय केले आहेत. फ्रान्सने १९७१ च्या कायद्याने मालकांवर वेतनखर्चाचा ठराविक हिस्सा कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणावर खर्च करण्याचे बंधन घातले. प्रारंभी तो ०.८ टक्के होता. सिंगापूर, ज्याला कोणी समाजवादी म्हणणार नाही, १९७९ पासून मालकांकडून कौशल्य-उपकर घेते. महाराष्ट्राला हे अशक्य का असावे? डेटा सेंटरांना आपले सरकार वीज-शुल्कात व मुद्रांक-शुल्कात सवलती देते. त्या सवलतींना प्रशिक्षणाची अट जोडणे हे तर मंत्रालयाच्या हातातले काम आहे. शिक्षण कामाच्या वेळेत, पगारी व मालकाच्या खर्चाने, ही आपली पहिली मागणी असावी.

दुसरी मागणी अभ्यासक्रमाविषयी. शासकीय तंत्रनिकेतनांतून तत्त्व शिकवावे, एखाद्या कंपनीचा माल नव्हे. याला पैसा लागत नाही. स्टॅनफर्डमध्येच तयार झालेले मिनीनेट हे सॉफ्टवेअर एका साध्या संगणकात संपूर्ण नेटवर्कची प्रतिकृती उभी करते, आणि ते फुकट आहे. ओपन व्ही-स्विच खुले आहे, ओएनओएस हा कंट्रोलर खुला आहे, व्हीएक्सलॅनचा मूळ दस्तऐवज कोणीही वाचावा. सांगलीच्या वा परभणीच्या मुलाने यावर हात बसविला, तर कोणत्याही विक्रेत्याची पेटी समजून घेण्यास त्याला काही आठवडे पुरतील. मराठीतून हे कसे शिकवावे, असा प्रश्न विचारणाऱ्यांनी मुंबई आयआयटीचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प पाहावा. केंद्र सरकारच्या पैशावर चाललेल्या या प्रकल्पाने मोफत सॉफ्टवेअरचे पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत करून दाखविले आहेत.

या विषयावर निवेदनाचा मसुदा करणाऱ्या मित्रांनी एक मुद्दा मात्र गाळू नये. कंपनीने प्रशिक्षणाचा खर्च केला की ती लगेच दोन-दोन वर्षांचा बाँड लिहून घेते आणि नोकरी सोडणाऱ्याकडून खर्चाच्या कितीतरी पट रक्कम मागते. खर्च मालकाने करावा ही मागणी मान्य करून घेताना बाँडवर बंदीची मागणी त्याच कागदावर, त्याच कलमात असली पाहिजे.