परसबाग हवी, तर आधी पाण्याची वाट आखा

पावसाळ्याच्या तोंडावर गावोगाव परसबागेचे बियाणे वाटले जाते. गौरी-गणपतीला दोडकी-कारली वेलावर लटकतात आणि शिमग्याला पाहावे तर परसात नुसत्या काड्या! बी खोटे नव्हते, बाईचे कष्टही कमी नव्हते. चुकली ती आखणी. मोरी एकीकडे, बाग दुसरीकडे; हंड्याने पाणी वाहून कुठवर घालणार?

ऑस्ट्रेलियाच्या बिल मॉलिसन व डेव्हिड होमग्रेन यांनी 1978 मध्ये ‘पर्माकल्चर’चा विचार पुस्तकरूपाने मांडला. नाव परके, पण गोष्ट साधी : प्रत्येक वस्तू अशा जागी ठेवा की एकीचे टाकाऊ ते दुसरीच्या कामी यावे. आपल्याकडे कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी ‘प्रयोग परिवारा’तून थोड्या जागेत, थोड्या पाण्यात भरपूर पिकवण्याची वाट दाखवलीच होती.

हिशेब करा. नळयोजनेचे प्रमाण माणशी रोज 55 लिटर, म्हणजे पाच माणसांच्या घरात 275 लिटर. त्यातले बहुतेक पाणी न्हाणी-मोरीतून गल्लीत जाते आणि डास पोसते. तेच उतार पाहून परसात वळवा. तीन-चार फूट रुंद, दोन फूट खोल खड्डा घ्या, पालापाचोळ्याने भरा, कडेने केळी लावा. पाणी तुंबू लागले तर दुसरा खड्डा घ्या. मात्र साबणाचे पाणी पालेभाजीला, मुळ्या-गाजराला नको. त्यांना तांदूळ-भाजी धुतलेले पाणी द्या. कोथिंबीर, मेथी स्वयंपाकघराच्या दाराशी असावी, म्हणजे येता-जाता लक्ष राहते. शेवगा पश्चिमेला लावला की दुपारचे ऊन अडते. जमीन उघडी टाकू नका. पाचट, वाळके गवत अंथरा.

आता ग्रामपंचायतीला दोन शब्द. 2020 मध्ये सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यात सांडपाण्यावर भर होता. पण सांडपाणी म्हटले की आपल्याला आधी सिमेंटचे गटारच आठवते. सरपंच व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी गटाराचा अंदाज करण्याआधी गल्लीतून एक फेरी मारावी. घरामागे जागा असेल तिथे पाणी परसात, नसेल तिथे शोषखड्डा, आणि उरलेल्यालाच गटार. या फेरीत बचत गटाच्या बायांना सोबत घ्या. कुठे पाणी मुरते, कुठे तुंबते, हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक?

बियाण्याची पाकिटे एका दिवसात वाटून होतात. पाण्याची वाट आखायला आठ दिवस लागतील. पण मग ऐन उन्हाळ्यातही घरची केळी राहील आणि गल्लीही कोरडी राहील.