टायरचे पैसे बाजूला नसतील तर मोठी गाडी माथेरानच्या घाटात आणू नका

पोस्ट मोठी आहे. ज्यांच्याकडे मोठी सेकंडहँड गाडी आहे किंवा घ्यायचं चाललंय, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

माथेरानमध्ये ई-रिक्षा हवी की नको, यावर आपण सगळे गेली तीन वर्षं भांडतोय. ऑगस्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा असं सांगितल्यापासून तर रोज नवा वाद. वाद हवाच. पण दस्तुरी नाक्याच्या वर कुठलं चाक फिरावं यावर एवढं बोलणारे आपण, दस्तुरीच्या खाली नेरळपर्यंतच्या घाटात कुठली चाकं फिरतात यावर एक अक्षर बोलत नाही. सातेक किलोमीटरचा रस्ता, त्यात सातशे मीटरच्या आसपास चढ. पावसाळ्यात डांबरावर लाल माती वाहून येते. या रस्त्यावर मी वीस वर्षं प्रवासी व्हॅन चालवतोय, म्हणून बोलायचा हक्क आहे असं समजतो.

गेल्या जुलैत जे झालं ते सांगतो. माझ्या पुतण्याने बीएमडब्ल्यूची एक्स-५ घेतली. २०१६ ची, सेकंडहँड, नव्या गाडीच्या चौथाई किमतीत. गाडी खरंच राजा आहे, त्यात वाद नाही. पाहुण्यांना दस्तुरीला सोडून आम्ही दोघे खाली येत होतो. पाऊस होता, वेग जेमतेम पंचवीस-तीस. एका वळणावर त्याने ब्रेकवर पाय ठेवला. एबीएस कडकडलं, पण गाडी थांबेना, नुसती वाहत गेली. समोरून आमच्याच स्टँडची व्हॅन माणसं भरून वर येत होती. ड्रायव्हरने ती डोंगराच्या बाजूला दाबली, आमची गाडी कडेच्या चिखलात रुतून थांबली. दोन गाड्यांत हातभर अंतर राहिलं असेल. पुतण्या म्हणाला, "काका, ब्रेक फेल झाले वाटतं." मी उतरून टायर बघितले. ब्रेकला काही झालं नव्हतं.

पुढच्या दोन टायरना नक्षी बऱ्यापैकी होती, पण कडेला डीओटीच्या पुढे शेवटचे चार आकडे होते १८१६. म्हणजे २०१६ सालच्या अठराव्या आठवड्यात बनलेले. नऊ वर्षांचं रबर. नख लावलं तर प्लॅस्टिकसारखं कडक. मागचे दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे, त्यातला एक खुणेपर्यंत गेलेला. खूण म्हणजे खाचेच्या तळाशी असलेली बारीक आडवी पट्टी. नक्षी १.६ मिलिमीटर उरली की ती पट्टी वरच्या रबराच्या बरोबरीला येते, आणि त्याखाली टायर कायद्यानेही बाद. माझं विचाराल तर आपल्या पावसात ३ मिलिमीटरलाच बदलावा. रुंद टायरचं तर आणखी वेगळं आहे. लोकांना वाटतं, टायर जितका रुंद तितकी पकड जास्त. कोरड्या रस्त्यावर खरं आहे. पण साचलेल्या पाण्यात रुंद टायरला जास्त पाणी बाजूला फेकावं लागतं. खाच उरली नसेल तर तो पाण्यावर तरंगतो. घाटात ते वळणावर कळतं, खालापूरजवळ एक्सप्रेसवेवर शंभरच्या वेगात कळायलाही वेळ मिळत नाही.

गाडी विकणाऱ्याने फोटो टाकताना टायर काळे करून चमकवले होते. आणि आमचा शहाणा सनरूफ बघत होता.

आता पैशाचं बोलू, कारण सगळं अडतं तिथेच. या गाडीला पुढे २७५/४० आर २० आणि मागे ३१५/३५ आर २०. चार चांगल्या टायरचा भाव काढला तर पावणेदोन-दोन लाखांच्या घरात. पुतण्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. माझ्या व्हॅनचा टायर तीन-साडेतीन हजाराला येतो, त्यामुळे मलाही जरा घामच फुटला. सप्टेंबर २०२५ मध्ये टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेवढाच दिलासा. पण असले साइझ बहुतेक बाहेरून येतात, आणि जून २०२० पासून नवे टायर आयात करायला सरकारी परवाना लागतो. त्यामुळे कधी पुढचे मिळतात तर मागचे नाहीत, असं होतं. आज फुटला आणि उद्या बसवला, असं या साइझचं नसतं हे गाडी घेण्याआधी माहीत पाहिजे.

माझा साधा हिशेब आहे. चार टायर एक लाख ऐंशी हजाराचे धरा. एवढ्या वजनाच्या आणि ताकदीच्या गाडीला ते तीस हजार किलोमीटर चालले तर नशीब. म्हणजे किलोमीटरला सहा रुपये. डिझेल किलोमीटरला नऊ-दहा रुपये खातं, ते आपण रोज मोजतो, कारण पंपावर रोज खिशात हात घालावा लागतो. टायरचे सहा रुपये तीन वर्षांनी एकदम मागितले जातात, म्हणून ते खर्चच वाटत नाहीत. महिन्याला हजार किलोमीटर फिरत असाल तर सहा हजार वेगळे टाका, हप्ता समजून. आणि फार्महाऊसवाल्यांनो, "आमची गाडी फिरतच नाही" हे सांगू नका. पाच दिवस कर्जतच्या उन्हात उभ्या गाडीचं रबर न फिरताही म्हातारं होतं. पाच-सहा वर्षं झाली की नक्षी कितीही असो, बदलायची तयारी ठेवा.

पुतण्याला सल्ले भरपूर मिळाले. एकाने सांगितलं, दोनच टाक, दोन पुढच्या वर्षी. चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीत हे महागात पडतं. पुढे नवीन ८ मिलिमीटरचे आणि मागे ३ मिलिमीटर उरलेले टायर ठेवले तर दोन्हींच्या व्यासात १० मिलिमीटरचा फरक पडतो. सरळ रस्त्यावरही पुढची-मागची चाकं वेगळ्या गतीने फिरतात आणि ते सांभाळता सांभाळता मधला ट्रान्सफर केस झिजतो. त्याचं बिल टायरपेक्षा मोठं येतं. दुसऱ्याने सेकंडचे टायर सुचवले. दुसऱ्याने काढून टाकलेला टायर कुठे खड्ड्यात आपटला होता, आतून चिरलाय का, हे बाहेरून कुणाला दिसतं? तिसरा म्हणाला, "साइझ तोच, स्वस्त ब्रँड घे." हे वाईट नाही, पण साइझच्या पुढचा आकडा वाचा. १०६ असेल तर तो टायर ९५० किलो पेलतो, ११० असेल तर १०६०. पुढचं अक्षर वेगाचं. गाडीच्या दारावरच्या स्टिकरवर जे लिहिलंय त्यापेक्षा कमी घ्यायचं नाही, मग ब्रँड कुठलाही असू दे. बाजूवर छोटी चांदणी असलेले टायर या कंपनीने स्वतः मंजूर केलेले असतात. मिळाले तर उत्तम, पण त्यासाठी सहा महिने गुळगुळीत टायरवर फिरू नका.

शेवटी मार्ग निघाला तो वेगळाच. याच मॉडेलला कंपनीने १९ इंची चाकंही दिली होती, चौघांनाही एकच साइझ, २५५/५० आर १९. टायर स्वस्त, मिळायला सोपे, आणि पुढचे मागे, मागचे पुढे करता येतात, त्यामुळे सारखे झिजतात. कडेचं रबरही उंच, म्हणजे आपल्या खड्ड्यांत रिम वाचते. वीस इंची रिम विकून एकोणीस इंची घेतली तरी हिशेब जमतो. दिसायला थोडी साधी दिसते. पुतण्याला दोन आठवडे वाईट वाटलं.

हे घरचं झालं. आता गावाचं. समृद्धी महामार्गावर २०२३ मध्ये आरटीओने टायर तपासून गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठवायला सुरुवात केली होती. तेच शनिवार-रविवारी आणि जोडून सुट्ट्या आल्या की नेरळच्या पायथ्याला का होऊ नये? नक्षी मोजायचं मापक शे-दोनशे रुपयांत मिळतं आणि एका गाडीला दोन मिनिटंही लागत नाहीत. घाटात एक मोठी गाडी आडवी झाली की वरचा पेशंट वर आणि खालचा खाली अडकतो. माथेरानचा पेशंट खाली आणायला गाडीरस्ता हा एकच आहे.

आणि हो, फक्त पर्यटकांच्याच गाड्या तपासा असं मी म्हणत नाही. आमच्या व्हॅनही तपासा. गुळगुळीत टायरवर ब्लेडने नवी नक्षी कोरून मीसुद्धा एक पावसाळा काढलेला आहे, धंदा मंदा होता तेव्हा. कुणाला काही झालं नाही ते माझ्या हुशारीमुळे नव्हे. स्टँडवरच्या मित्रांना हे आवडणार नाही, त्यांनी मला उद्या सकाळी भेटून शिव्या द्याव्यात.

पुतण्याची रिम आली आहे, टायर पुढच्या बुधवारी येणार. तोपर्यंत गाडी नेरळला उभी आहे आणि तो माझ्या व्हॅनमधून फिरतोय.